वाचकांचे प्रश्न : पुस्तक वाचून कोणी रस्त्यावर उतरतं का?

गेल्या अंकात पॅरिसच्या बॅस्तील तुरुंगावर चार ओळी काय लिहिल्या, पोस्टमनने या वेळी पत्रांचा गठ्ठाच आणून टाकला. बहुतेकांचा प्रश्न एकच, निरनिराळ्या अंगांनी विचारलेला: राज्य कसं असावं, माणसाचे हक्क कोणते, असल्या तात्त्विक लिखाणाने खरंच सिंहासनं हलतात का? म्हणून आजचं सदर त्यालाच दिलंय.

आधी माझी चूक. ‘बॅस्तीलमधून शेकडो राजबंदी सुटले’ असं मी ठोकून दिलं होतं. तिघांनी कान धरला, बरं केलं. १४ जुलै १७८९ ला त्या तुरुंगात मोजून ७ कैदी होते: ४ बनावट हुंड्या करणारे, २ वेडे आणि १ घरच्यांनीच डांबून ठेवलेला उमराव. लोक कैद्यांसाठी गेलेच नव्हते. सकाळी बंदुका हाती लागल्या होत्या, त्यांना दारू हवी होती आणि ती बॅस्तीलमध्ये होती.

नव्या वाचकांना सांगायला हवं. मी इतिहासाचा मास्तर, पण मास्तर होण्याआधी चार वर्षं माणदेशात एका ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. त्यामुळे जुनं पुस्तक समोर आलं की पानं किती, किंमत काय, छापलं कोणी हे मी आधी बघतो. तत्त्वज्ञान मागाहून. ही खोड आजच्या उत्तरांतही दिसेल, चालवून घ्या.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात आहे की लॉक, माँटेस्क्यू, रूसो या तत्त्वज्ञांच्या विचारांमुळे अमेरिकन आणि फ्रेंच राज्यक्रांती झाली. बाबा म्हणतात, ‘पोट रिकामं झालं की माणूस रस्त्यावर येतो, पुस्तक वाचतंय कोण!’ खरं कोणाचं? — एक वाचिका, परभणी

उत्तर : बाळ, तुझे बाबा बारा आणे बरोबर आहेत. उरलेल्या चार आण्यांसाठी हे उत्तर.

आधी बाबांच्या बाजूने बोलतो. १३ जुलै १७८८ ला फ्रान्समध्ये गारपीट झाली, उभं पीक झोपलं. पुढचा हिवाळा कडक गेला. १७८९ च्या जुलैच्या मध्यावर पॅरिसात पावाचा भाव शिगेला पोचला होता, आणि बॅस्तील पडलं ते त्याच दिवसांत. ऑक्टोबरात बायका पॅरिसहून पायी व्हर्सायला, राजाच्या वाड्यावर गेल्या त्याही पावासाठीच. आणि रूसो? त्याचं ‘सामाजिक करार’ १७६२ चं. १९१० मध्ये एका फ्रेंच अभ्यासकाने क्रांतीपूर्व काळातल्या ५०० खाजगी ग्रंथसंग्रहांच्या याद्या चाळल्या, तर त्यांत या पुस्तकाची प्रत सापडली १. बाबांना हे वाचून दाखव, खूश होतील.

पण मग त्यांना १७७५ बद्दल विचार. त्या वर्षीही फ्रान्समध्ये धान्य महागलं. पॅरिसच्या आसपास तीनशेच्या वर ठिकाणी दंगे झाले. लोकांनी धान्याच्या गाड्या अडवल्या, पीठ ‘वाजवी’ भावाने वाटून घेतलं. सरकारने फौज आणली, दोघांना भर चौकात फासावर दिलं आणि सगळं थंडावलं. भूक तीच, राजाही तोच सोळावा लुई. तेव्हा कोणी राजाला विचारलं नाही की तुला कर लावायचा अधिकार दिला कोणी? १७८९ ला विचारलं. चौदा वर्षांत पोट बदललं नव्हतं, तोंडातलं वाक्य बदललं होतं.

ते वाक्य खेड्यापाड्यांत पोचलं ते रूसोच्या ग्रंथातून नाही. राजाचा खजिना रिकामा झाला म्हणून त्याने तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची वर्गसभा बोलावली आणि गावोगाव तक्रारींच्या वह्या लिहून मागवल्या. लोकांना पावणेदोनशे वर्षांत पहिल्यांदा अधिकृतपणे विचारलं गेलं, की बाबांनो, दुखतं कुठे? १७८९ च्या जानेवारीत सिएस नावाच्या एका पाद्र्याने छोटी पुस्तिका काढली. सुरुवातीलाच तीन प्रश्न. तिसरा वर्ग, म्हणजे ना उमराव ना पाद्री अशी उरलेली सगळी प्रजा, काय आहे? सर्व काही. आजवर राज्यकारभारात काय होती? काहीच नाही. तिला काय हवंय? काहीतरी व्हायचंय. रूसोची चारशे पानं न वाचलेल्या वकिलाला, नाक्यावरच्या न्हाव्याला एवढं पुरलं. तत्त्वज्ञान असंच उतरतं, गाळून गाळून. पहिल्या धारेचं फार थोडे पितात.

मला हे कळलं ते पुस्तकातून नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मी छापखान्यात होतो. खडी फोडायच्या कामावरची माणसं आठवडाभर काम बंद पडल्यामुळे तहसिलीवर मोर्चा नेणार होती. पत्रक लिहून आणलं गावातल्या एका शिकलेल्या माणसाने. मथळा होता: ‘दुष्काळी कामे सुरू करण्याबाबत मायबाप सरकारास नम्र विनंती’. मी खिळे जुळवले, प्रूफ काढलं, वाचून दाखवलं. सोबत आलेली एक म्हातारी, अक्षराची ओळख नाही, हाताला खडीचे घट्टे, ती एकदम म्हणाली, ‘विनंती कशापायी? आमी भीक मागतोय व्हय? काम मागतोय. त्यो आमचा हक हाय.’ शिकलेला माणूस गप्प. मालक माझ्याकडे बघायला लागला, कारण जुळवलेल्या मजकुराचा फर्मा बांधून तयार होता. मी तो सोडला, ‘नम्र विनंती’ उपसून काढली. मोठ्या अक्षरांच्या केसमध्ये ‘क्क’चा खिळाच नव्हता, म्हणून पाय मोडलेला ‘क’ लावून ‘हक्‌क’ असा छापला. ओळ आखूड पडली, दोन्ही बाजूंना कोरे खिळे भरले.

भूक त्या म्हातारीची होती. ‘हक’ हा शब्द मात्र तिला कोणीतरी दिला होता. एखाद्या सभेत ऐकला असेल, कुठल्या जलशात, कुठल्या पोवाड्यात. पुढे राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली, आणि काम मागणं ही कागदावरही विनंती उरली नाही. आमच्या पत्रकामुळे झाला असं म्हणायला मी खुळा नाही. पण परीक्षेत ‘विचार की भूक’ असा प्रश्न आला तर भूक माणसाला उठवते आणि विचार त्याला कुणाच्या दारात जाऊन काय म्हणायचं ते सांगतो, एवढं लिही. गुण कमी पडले तर माझं नाव सांग.

प्रश्न : मुलाकडे आलो आहे. फिलाडेल्फियाला गेलो तेव्हा गाइड म्हणाला की टॉमस पेनच्या ४७ पानी पुस्तिकेने अमेरिका स्वतंत्र केली. इतकं काय होतं त्या ४७ पानांत? — एक वाचक, सध्या न्यू जर्सी

उत्तर : पेन हा माझा आवडता माणूस, तेव्हा थोडं लांबेल.

जन्म १७३७, इंग्लंडातलं थेटफर्ड. बापाचा धंदा बायकांच्या कमरेला आवळायच्या कोरसेटी शिवण्याचा, पोरगाही तोच शिकला. मग अबकारी खात्यात नोकरी, पगार वर्षाला ५० पौंड. दोनदा बडतर्फ झाला. मधल्या काळात खात्यातल्या नोकरांचा पगार वाढवावा म्हणून एक अर्ज छापून घेतला, पार्लमेंटच्या सभासदांना वाटला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे विनंती अर्ज लिहून काय होतं याचा अनुभव गाठीला होता. १७७४ च्या शेवटी बेंजामिन फ्रँकलिनची ओळखपत्रं खिशात घालून फिलाडेल्फियाला उतरला तेव्हा वय ३७, हातात काही नाही. चौदा महिन्यांच्या आत, १० जानेवारी १७७६ ला, ‘कॉमन सेन्स’ बाहेर पडलं. वर लेखकाचं नाव नाही, नुसतं ‘एका इंग्रजाने लिहिलेले’.

त्या वेळी इंग्लंडशी लढाई सुरू होऊन नऊ महिने झाले होते हे लक्षात घ्या. लेक्झिंग्टनला रक्त सांडून झालं होतं. तरी वसाहतींतले पुढारी अजून लंडनला अर्ज पाठवत होते: महाराज, आपण चांगले, आपले मंत्री वाईट. आपल्याकडे ‘देव चांगला, बडवे वाईट’ म्हणतात, तसंच. पेनने थेट देवालाच हात घातला. राजा म्हणजे कोण? इंग्लंडच्या गादीचा मूळपुरुष म्हणजे हत्यारबंद लुटारूंची टोळी घेऊन उतरलेला एक फ्रेंच अनौरस पोर, यात दैवी काय? वंशपरंपरेने शहाणपण येत असतं तर निसर्गाने सिंहाच्या जागी गाढव जन्माला घातलं असतं का? आणि एका बेटाने एका अख्ख्या खंडावर कायम राज्य करावं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

यात लॅटिन नाही, ग्रंथांचे दाखले जवळजवळ नाहीत. मुख्य दाखला बायबलचा, कारण ते घरोघर होतं. लोक राजा मागतात आणि संदेष्टा शमुवेल त्यांना सांगतो की राजा तुमची पोरं, शेतं, मेंढरं नेईल, ती गोष्ट. विद्वानांनी शंभर वर्षं घोळवलेला विचार, की राज्य हे माणसांनी आपल्या सोयीसाठी उभारलेलं असतं आणि सोय संपली तर मोडताही येतं, तो पेनने दारूच्या गुत्त्यात वाचून दाखवता येईल अशा भाषेत आणला. आपण लॉक कधी वाचलाच नाही, असं तो पुढे सांगायचा. खरं मानायला हरकत नाही. तोवर लॉक हवेतच होता.

आता छापखान्याची बाजू. पहिल्या आवृत्तीची किंमत दोन शिलिंग. छापणारा रॉबर्ट बेल म्हणाला, नफा झालाच नाही. पेनला त्या नफ्यातून कॅनडाच्या मोहिमेवरच्या शिपायांना लोकरी हातमोजे द्यायचे होते. भांडण झालं, त्याने दुसऱ्या छापखान्याकडून निम्म्या किमतीची आवृत्ती काढली. लेखक-प्रकाशक भांडणाने पुस्तक स्वस्त झालं, असं नशीब किती पुस्तकांचं असतं! दीड लाख प्रती खपल्याचा आकडा पेनने स्वतः पसरवला. लाकडी हातछाप यंत्रावर दोन माणसं दिवसभर दांडा ओढत छापतात, कागद मिळायची मारामार, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या गळी तो उतरत नाही. पण त्या एका वर्षात वसाहतींत २५ च्या आसपास आवृत्त्या निघाल्या, हे खरं. आणि एक प्रत एकट्याने वाचायची चाल तेव्हा नव्हती.

सहा महिन्यांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. त्याच गावात, ४ जुलैच्या रात्री, जॉन डनलॅपच्या छापखान्यात तो छापला गेला, सुमारे २०० प्रती. आज २६ शिल्लक आहेत. काहींवर शाई ओली असतानाच घडी घातल्याच्या खुणा आहेत. रात्रपाळी केलेल्या माणसाला ती घाई लगेच ओळखू येते. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये तो फौजेसमोर वाचला, आणि संध्याकाळी जमावाने इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या जॉर्जचा, घोड्यावरचा पुतळा पाडला. पुतळा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. ते शिसं वितळवून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. छापायचे खिळेही शिशाचेच असतात, हे आपलं मला उगाच आठवतं.

प्रश्न : जॉन लॉकने राज्यकारभारावरच्या आपल्या पुस्तकावर नाव का घातलं नाही? भित्रा होता का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : होता, आणि असायलाच हवा होता.

१६८३ साली लंडनमध्ये अल्जर्नन सिडनीवर राजद्रोहाचा खटला चालला. कायद्याने दोन साक्षीदार लागत, सरकारकडे एकच होता. मग सिडनीच्या टेबलावर सापडलेलं हस्तलिखित दुसरा साक्षीदार म्हणून उभं केलं. राजा प्रजेला जबाबदार असतो, असं त्यात होतं. छापलेलं नव्हतं, कोणाला दाखवलंही नव्हतं. न्यायमूर्ती जेफ्रीजने लॅटिनमध्ये ठणकावलं: लिहिणं म्हणजे करणंच. डिसेंबरात सिडनीचं डोकं उडवलं. लॉक त्याच वर्षी हॉलंडला निसटला होता, आणि त्याच्याही कागदांत तसाच मजकूर तयार होत होता. १६८९ मध्ये राजा बदलल्यावर तो परतला, पुस्तक छापलं, तरी नाव घातलं नाही. हे माझं, असं त्याने कबूल केलं ते १७०४ मध्ये मृत्युपत्राच्या पुरवणीत.

जेफ्रीज क्रूर होता, पण त्याला लिखाणाची ताकद कळली होती. पुस्तकाने काही होत नाही असं म्हणणाऱ्या आमच्या प्राध्यापक मित्रांपेक्षा त्याला जास्तच कळली होती.

लॉकबद्दल एक गैरसमज मात्र आहे, तो जाता जाता. त्याने उठाव करा असं कुठेही सांगितलेलं नाही. उलट तो म्हणतो, लोक सोशीक असतात, राज्यकर्त्यांच्या मोठमोठ्या चुका मुकाट गिळतात. पण एकाच दिशेने चाललेल्या जुलमांची लांबच लांब माळ दिसायला लागली की ते उठतात. ‘जुलमांची लांब माळ’ हे त्याचेच शब्द अमेरिकेच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या टॉमस जेफरसनने उचलले, आणि मग राजाचे एकेक अपराध माळेसारखे ओवले, सत्तावीस. जाहीरनाम्याचा सुरुवातीचा ‘सर्व माणसे समान’ भाग आपण पाठ करतो. त्या काळच्या लोकांनी ती यादी वाचली असणार.

प्रश्न : ‘सर्व माणसे समान’ लिहिणाऱ्या जेफरसनकडे गुलाम होते. लॉकचा पैसा गुलामांच्या व्यापारात होता. मग हे सगळं ढोंगच नाही का? तुम्ही मास्तर लोक ते अजून का शिकवता? — एक निवृत्त कारकून, सोलापूर

उत्तर : साहेब, ढोंग आहेच. तुम्ही कमीच सांगितलंत. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं होती. लॉकने रॉयल आफ्रिकन कंपनीचे हिस्से घेतले होते. शिवाय १६६९ च्या कॅरोलिना वसाहतीच्या घटनेच्या मसुद्यात त्याचा हात होता, आणि मालकाला आपल्या काळ्या गुलामावर पूर्ण सत्ता, हे कलम तिच्यात आहे. जेफरसनने जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला झोडपणारा एक परिच्छेद घातला होता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाचं मन राखायला काँग्रेसने तो गाळला. फ्रान्सने २६ ऑगस्ट १७८९ ला १७ कलमांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्याच्या कॅरिबियन बेटावरच्या सेंट-डोमिंग (आजचा हैती) वसाहतीत जवळजवळ पाच लाख गुलाम ऊस तोडत होते.

तरी शिकवतो, आणि त्याला कारण सेंट-डोमिंगच आहे.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला. त्या लढाईत पकडून मारलेल्या एका बंडखोराची झडती घेतल्याची हकीकत आहे. खिशात फ्रान्समध्ये छापलेली, मानवी हक्कांवरची पत्रकं निघाली. सोबत बंदूक पेटवायची दारू. आणि छातीवर एक पिशवी, तिच्यात केस, पाला, हाडाचे तुकडे, म्हणजे त्याच्या देवाचा ताईत. त्याला ती पत्रकं वाचता येत होती का, ते झडती घेणाऱ्याने लिहिलेलं नाही. बाळगली होती, एवढं खरं. परभणीच्या पोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या झडतीत आहे. माणूस एकाच वेळी पुस्तक, बंदूक आणि कुळाचा देव तिन्ही घेऊन निघतो. आपण इतिहास लिहिणारे त्यातलं एक उचलतो आणि बाकीचं फेकतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, नाहीतर अंक संपेल. ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसच्या सभेने सर्व वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. दया आली म्हणून नव्हे, तिथे ती आधीच लढून मोडली होती म्हणून. १८०२ मध्ये नेपोलियनने फौज धाडली. क्रेत-आ-पिएरोच्या गढीला वेढा घातलेल्या फ्रेंच शिपायांना आतून गाणी ऐकू यायला लागली. त्यांचीच, क्रांतीची गाणी, काळ्या सैनिकांच्या तोंडून. एका फ्रेंच सेनानीने लिहून ठेवलंय की शिपाई एकमेकांकडे बघायला लागले: न्याय यांच्या बाजूला तर नाही ना? काळ्यांचा सेनापती तूसां लूवेर्त्यूर याला दग्याने पकडून फ्रान्सच्या एका थंडगार किल्ल्यात डांबलं, तिथे तो ७ एप्रिल १८०३ ला वारला. तरी १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने आरमार उभं करून त्याच्याकडून १५ कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली. भरपाई कोणाला? जुन्या मळेवाल्यांना. हे मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकात नसतं.

हक्काचा शब्द लिहिणाऱ्याने तो स्वतःपुरता लिहिला, हे कबूल. पण ‘सर्व’ असं एकदा छापलं की कंपोझिटरलाही ते परत घेता येत नाही. ऑलिंप द गूज या बाईने १७९१ मध्ये त्या १७ कलमांसमोर बायकांच्या हक्कांची १७ कलमं लिहिली. त्यातलं एक असं: बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे. १७९३ च्या नोव्हेंबरात तिला पहिला तेवढा मिळाला.

प्रश्न : हे सगळं गोऱ्यांचं झालं. आमच्या कोकणाशी याचा काय संबंध? — एक वाचिका, माणगाव

उत्तर : ताई, तुम्ही माणगावच्या आणि मला विचारताय! महाड तुमच्यापासून किती लांब?

पण सुरुवात चहापासून करू. १६ डिसेंबर १७७३ ला अमेरिकेत बोस्टनच्या बंदरात लोकांनी ३४२ पेट्या चहा पाण्यात फेकला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा. बुडत्या कंपनीला हात देण्यासाठी पार्लमेंटने तिला तिथे चहा विकायची खास सवलत दिली होती. त्याच्या आदल्या महिन्यात जॉन डिकिन्सनने टोपणनावाने पत्रक काढून लोकांना बजावलं होतं की या कंपनीने बंगालात काय केलं ते बघा, दुष्काळात लाखो माणसं मेली आणि ही धान्याचा नफा मोजत राहिली. म्हणजे बंगालच्या १७७० च्या दुष्काळाची बातमी अमेरिकेच्या बंडात सरपण म्हणून जळाली. उसनवारी एकाच बाजूने झाली, असं समजू नका.

उलट बाजूची उसनवारी पुण्यात झाली. १८४७ च्या सुमारास जोतीराव फुल्यांनी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, वय विशीचं. दुसऱ्या वर्षी मुलींची शाळा काढली. हे पुस्तक १७९१-९२ चं, दोन भागांत. पहिला भाग तीन शिलिंगांना होता तोवर लंडनच्या सरकारने काणाडोळा केला, श्रीमंतच वाचणार होते. स्वस्त आवृत्ती सहा पेनीला निघाली तसा खटला भरला. सरकारी वकिलाने तक्रार काय केली? म्हणे, पोरांच्या मिठाईच्या पुड्यासुद्धा या पुस्तकाच्या पानांत बांधतात! पेन तोवर फ्रान्सला पोचला होता, त्याच्या पाठीमागेच त्याला दोषी ठरवलं. जोतीरावांनी मात्र त्यातला राजा सोडून दिला आणि प्रश्न तेवढा घेतला: जन्माने कोणी मोठा कसा? पेनने तो उमरावाला विचारला, जोतीरावांनी भटशाहीला. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना सोडवल्याबद्दल. सोलापूरच्या साहेबांनी हे वाचावं. ढोंग जोतीरावांनाही दिसत असणार. त्यांनी त्यातलं कामाचं तेवढं उचललं.

आता तुमचं महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते सगळ्यांना ठाऊक. डिसेंबरची परिषद कमी लोकांना ठाऊक असते. मांडवाला जागा मिळेना, शेवटी एका मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी भाषणात सांगितलं की ही सभा नुसत्या पाण्यासाठी नाही, समतेचा पाया घालायला आहे, आणि तिची तुलना केली १७८९ च्या व्हर्सायच्या फ्रेंच राष्ट्रसभेशी. कोकणातल्या तालुक्याच्या गावात, कापडी मांडवाखाली, पायी आलेल्या माणसांसमोर व्हर्साय! त्याच परिषदेत जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला आणि त्याच रात्री मनुस्मृती जाळली. विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला होता, म्हणून त्या वेळी पाणी घेतलं नाही. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ मध्ये, बाजूने.

आणि हेच बाबासाहेब ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर म्हणाले, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसने घेतलेत असं कोणी समजू नये, माझ्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणीतून घेतलेत. यावर लोक मला विचारतात, खरं कुठलं, १९२७ चं की १९५४ चं? मला त्यात भांडण दिसत नाही. महाडला समोर सनातनी होते आणि कोर्ट होतं, तिथे जगातला एक गाजलेला दाखला हवा होता. रेडिओवर ते आपल्या मनाची मुळं सांगत होते. दाखला आणि मूळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हैतीतल्या त्या माणसानेही पत्रक खिशात ठेवलं होतं आणि ताईत छातीवर.

चवदार तळं बघून या. माणगावाहून एसटीने सकाळी गेलात तर दुपारच्या जेवणाला घरी परत याल.

प्रश्न : टॉमस पेनची समाधी कुठे आहे? — इयत्ता नववी, बारामती

उत्तर : कुठेच नाही. तो ८ जून १८०९ ला न्यूयॉर्कमध्ये वारला. धर्माविरुद्ध लिहिल्यामुळे लोक उलटले होते, अंत्ययात्रेला पाच-सहा माणसं. न्यू रोशेलच्या शेतात पुरलं. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट नावाचा इंग्रज पत्रकार, जो आधी पेनला शिव्या द्यायचा, पश्चात्तापाने तिथे गेला, रात्रीतून हाडं उकरली आणि मोठं स्मारक बांधू म्हणून जहाजाने इंग्लंडला नेली. स्मारकाला वर्गणी जमली नाही. १८३५ मध्ये कॉबेट मेला तेव्हा हाडं त्याच्या सामानात एका पेटीत होती. मग सामानाचा लिलाव निघाला, तेव्हा ही माल म्हणून विकायची गोष्ट नव्हे म्हणून पेटी बाजूला ठेवली, आणि पुढे हातोहाती फिरत ती हरवली.